येतंयकाकांची अकरा पानं

ही हकिकत लिहायची मी सतरा-अठरा वर्षं टाळली. मागच्या महिन्यात खैरानच्या किनाऱ्यावर आमच्या कुवेतच्या मराठी मंडळाची सहल होती. जेवणं झाल्यावर समुद्रकाठच्या शॅलेच्या सावलीत बसून एका तरुण इंजिनिअरने मुलांना भुताची गोष्ट सांगितली. कुवेत शहरात इंग्रजांचं एक जुनं कब्रस्तान आहे, तिथे लहान मुलांची अकरा थडगी आहेत. दरवर्षी एका अमावास्येला प्रत्येक थडग्यापुढे आपोआप केळीचं पान वाढलं जातं आणि संध्याकाळपर्यंत पानं चाटूनपुसून नाहीशी होतात. माझ्या नातीने मला इंग्रजीत विचारलं, हे खरं आहे का. मी उठून गाडीत जाऊन बसलो. अंगाचा संताप होत होता, आणि तो त्या इंजिनिअरवर नव्हता. ही गोष्ट पहिल्यांदा मीच सांगितली होती. त्यातलं सगळं खरं होतं. मी फक्त एक माणूस वगळला होता.

त्या माणसाला आम्ही येतंयकाका म्हणायचो. कब्रस्तानाच्या फाटकाशी ते चपला काढायचे आणि आत कोणी नसताना मोठ्याने म्हणायचे, "येतंय हां." निघताना "जातंय हां." कोकणात जागेच्या राखणदाराला असं सांगून पुढे जातात. येतंयकाका कुडाळकडचे गवंडी. ठेकेदाराने त्यांना भिंत दुरुस्त करायला पाठवलं, भिंत झाली आणि देखभालीला म्हणून ते तिथेच राहिले. मी तेव्हा हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन होतो, तिथून जवळच मिरकाब भागात राहायचो. शुक्रवारी सकाळी चालायला निघालो की त्यांच्याकडे थांबायचो.

त्या जागेच्या भुतांच्या गोष्टी माझ्याही आधीपासून होत्या. भिंतीवर बसलेला गोरा साहेब येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाव-मस्का मागतो, हे टॅक्सीवाले शपथेवर सांगायचे. एका मडमेचा पांढरा झगा वाऱ्याशिवाय हलतो म्हणे. येतंयकाकांना मी विचारलं, तुम्ही कधी पाहिलंत का? ते थडग्याची भेग बुजवत होते. मान वर न करता म्हणाले, "सायबाक पाव व्हयो तर तो बकाल्यात जायत. हंय भिंतीर बसान कित्याक मागात?" बकाला म्हणजे कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. साहेबाला तिथे जाण्यात अडचण कसली, हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. एकदा त्यांनी मला धाकट्या थडग्यांची नावं वाचायला सांगितली. हेन्री, अकरा महिने. रोझ, सहा दिवस. एका दगडावर नाव नव्हतंच, नुसतं 'बाळ' एवढंच होतं. मी वाचत गेलो आणि ते दगडावरून हात फिरवत ऐकत गेले. पुढच्या शुक्रवारी त्यांना 'बाळ' धरून अकराही नावं पाठ होती, आपल्या पद्धतीने. हेन्रीचा 'हेनरो' झाला होता, रोझ 'रोजाबाय'. झाडताना ते त्यांच्याशी बोलायचे. रोजाबायच्या डोक्यावर ऊन येतं म्हणून तिथे त्यांनी एक बोराचं झाड लावलं आणि आंघोळीच्या वाट्याचं पाणी घालून जगवलं.

त्या वर्षी सर्वपित्रीच्या आधी ते माझ्या घरी आले. दाराबाहेरच उभे राहून माझ्या बायकोला म्हणाले, "वैनीनू, काळ्या वाटाण्याची उसळ करून दिशात काय? वडे मी करतंय." कोकणातल्या म्हाळाला ही उसळ लागतेच. तुमच्या घरचं कोण, असं तिने विचारलं, तर म्हणाले, "माज्या घरच्यांचा घराक होतला. ह्यां एवढीशी पोरां. आवशी-बापूस बोटीन निघान गेले. हेंका पान कोण वाढतलो?"

सर्वपित्रीच्या दुपारी मी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून गेलो. दगडांवर काही न ठेवता, पायथ्याच्या वाळूत त्यांनी अकरा पानं मांडली. भात, वडा, उसळ, खिरीचा ठिपका. मग भिंतीच्या बोटभर सावलीत आम्ही बसलो. पानाला कावळा शिवल्याशिवाय ते जेवणार नव्हते आणि कुवेतमध्ये कावळा आणायचा कुठून? दीड वाजला, दोन वाजले. शेवटी एक साळुंकी उतरली आणि हेन्रीच्या पानातला वडा ओढू लागली. "साळुंकेन शिवल्यान तरी चलता," असा त्यांनी निर्णय दिला, आणि मग आम्ही जेवलो. संध्याकाळी त्यांनी पानं उचलली, जागा झाडली, वाळू सारखी केली.

दिवाळीच्या फराळाला मंडळात भुताच्या गोष्टींची फर्माईश झाली. मला टाळ्या हव्या होत्या. मी पानं सांगितली, थडगी सांगितली, संध्याकाळची साफ वाळू सांगितली. झाडणारा माणूस सांगितला नाही. बायका शहारल्या, टाळ्या पडल्या. घरी येताना माझी बायको म्हणाली, "वाटाणे मी भिजवले होते, ते तरी सांगायचं."

पुढे ती गोष्ट माझी राहिली नाही. तिच्यात लिंबं आली, काळा दोरा आला, टाचण्या खुपसलेली बाहुली आली. पुढच्या सर्वपित्रीला मंडळातलेच दोघेजण मोबाइल घेऊन भिंतीबाहेर उभे राहिले आणि पानं मांडणाऱ्या येतंयकाकांचे फोटो काढून त्यांनी ठेकेदाराकडे पाठवले. खाली लिहिलं, हा माणूस करणी करतो. ज्या घरांत दरवर्षी पितरांचं पान वाढलं जातं, त्याच घरांतले हे लोक. त्यांना ते पान ओळखू आलं नाही? आलं होतं. पण करणीचा बोभाटा झाला तर सगळ्या मराठी लोकांवर शेकेल, त्याआधी आपणच कळवलेलं बरं, असं मला पुढे ऐकवण्यात आलं. मी ते ऐकून घेतलं, याची मला अजून चीड येते.

ठेकेदाराचा सुपरवायझर आपल्याकडचाच. त्याला भानगड नको होती. त्याने येतंयकाकांना बोलावलं तेव्हा ते बिनघोर म्हणाले, "हॉस्पिटलातल्या साहेबांका इचारा. तेंनीच नावां वाचून दाखवल्यानी." सुपरवायझरने मला हॉस्पिटलात फोन केला. तुम्ही या माणसाला ओळखता का? एक वाक्य पुरलं असतं: ते श्राद्धाचं पान आहे, मीही तिथे जेवलोय. पण मग ही भुताची गोष्ट कोणाची, हेही सांगावं लागलं असतं. माझ्याभोवती पेशंट होते, फिल्म वाळत होत्या. मी म्हणालो, "नाही, तोंडओळख आहे फक्त."

चार दिवसांत त्यांचा अकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, रद्द होऊन तिकीट हातात आलं. जाण्याच्या दिवशी ते माझ्या विभागात आले. मी काचेतून पाहिलं आणि सिस्टरबरोबर निरोप पाठवला की कामात आहे. ते बाकावर तासभर बसले. गेल्यावर सिस्टर म्हणाल्या, "तुमच्यासाठी सांगून गेलेत. पुढच्या वर्षी अकरा पानं. साहेबांना माहीत आहे म्हणाले." स्वतःबद्दल काही बोलले का, असं मी विचारलं. "नाही. झाडाला पाणी घाला म्हणाले."

मी पाणी घातलं नाही. पानंही ठेवली नाहीत. शहराबाहेर अबू हलीफाला घर बदललं आणि त्या रस्त्याने जाणंच सोडलं.

तीन वर्षांपूर्वी धीर करून कुडाळला उतरलो. एस.टी.त सगळं पाठ केलं होतं. ते पडवीत बसले होते, डोळे अधू झालेले. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं, मुलाला खुर्ची आणायला लावली, सुनेला चहा टाकायला सांगितला. तक्रारीचा शब्द नाही. मी तोंड उघडणार तोच म्हणाले, "साहेबानू, पानां ठेवतास मां?"

मी म्हणालो, "हो. दरवर्षी."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथून उठून पळावंसं वाटलं. "रोजाबायक सावली इली?" आली म्हणालो. त्यांनी मुलाला माडावरून नारळ काढायला लावले आणि मी नको नको म्हणत असताना पिशवीत भरून दिले. मला सोडायला ते काठी टेकत पाणंदीपर्यंत आले.

गेल्या श्रावणात ते वारले. त्यांच्या मुलाचा निरोप आला.

यंदा सर्वपित्रीला मी गेलो. बोराचं झाड नव्हतं, नुसता खुंट होता. पायथ्याच्या वाळूत अकरा पानं मांडली. उसळ बायकोनेच केली होती. फाटकाशी चपला काढल्या होत्या, पण "येतंय हां" म्हणायला तोंड उघडेना. भिंतीच्या सावलीत बसलो. तीन वाजून गेले तरी एकही पक्षी उतरला नाही. तेव्हा, एस.टी.त पाठ केलेलं आणि पडवीत गिळलेलं ते वाक्य मी त्या अकरा पानांसमोर म्हणून पाहिलं: काका, त्या दिवशी फोनवर मी तुम्हाला ओळखत नाही असं सांगितलं, माझं चुकलं.

माझं मलाच ऐकू आलं.