देवरावभाऊंचे दोन कॅन

कुणाच्याही दारात पिकअप उभी केली की देवरावभाऊ आधी माणसांकडे येत नसत. खाली उतरून ते गाडीच्या मागे जात आणि तिथे बसवलेल्या दोन लाल कॅनवर बोटाच्या पेराने टकटक करीत. आवाज दबका आला की मान हलवीत आणि मग म्हणत, "काय जी मास्तर, बरं हाय ना?" कॅन बरे आहेत हे कळल्याशिवाय माझी चौकशी होत नसे.

कॅन लोखंडी, वीस-वीस लिटरचे, डिझेलने काठोकाठ भरलेले. आमच्या सौंसरहून नागपूरला जाताना वाटेत इतके पंप लागतात की डिझेलवाचून अडायचं म्हटलं तर मुद्दाम प्रयत्न करावा लागेल. पण देवरावभाऊंनी मोबाइलवर वाळवंट ओलांडणाऱ्या गाड्या पाहिल्या होत्या आणि त्या गाड्यांच्या पाठीवर असे कॅन होते. आपल्या तालुक्यात वाळवंट नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं.

"वाळवंट नाई, पण मुसीबत तं हाय ना? ते का नकाशा पाहून येते?"

मी भूगोल शिकवत होतो. या वाक्याचा राग मला बरेच दिवस होता.

कॅन बसवायला त्यांनी ऐन संत्र्याच्या हंगामात पिकअप तीन दिवस लोधीखेड्याच्या एका वेल्डरकडे ठेवली. लोखंडी अँगलचा स्टँड, त्याला पट्टे, पट्ट्यांना कुलपं. गाडी परत आली तेव्हा उद्घाटन झालं. हार, नारळ, लाल फीत. फीत कापायला वॉर्डाचे मेंबर आले आणि स्वावलंबनावर पंधरा मिनिटं बोलले. डिझेलच्या दोन कॅनसमोर हात जोडून उभं राहण्याचा योग माझ्या आयुष्यात तेव्हाच आला. टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले आणि मग देवरावभाऊंच्या बायकोने, शांताकाकूंनी, विचारलं, "अन् मांगचा फाळका कसा उघडन जी आता?"

स्टँड एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत फाळक्याच्या आडवा जोडलेला होता. फाळका, म्हणजे माल उतरवायचं मागचं पडतं दार, बोटभरही खाली येईना. देवरावभाऊंनी वाकून पाहिलं, उभं राहून पाहिलं.

"वरून उतरवू माल. त्याले का होते?"

त्याला काय होतं ते माझी कंबर सांगेल. माझी रामाकोन्याला थोडी संत्र्याची बाग आहे आणि माल नेहमी देवरावभाऊंच्याच गाडीने जाई. पुढची सहा वर्षं प्रत्येक कॅरेट आम्ही छातीपर्यंत उचलून बाजूच्या पत्र्यावरून आत टाकलं आणि तसंच बाहेर काढलं. स्टँड कापून घ्या म्हटलं की ते दुखावत. "उद्घाटन झालेलं हाय मास्तर."

कॅन आल्यापासून त्यांनी डिझेलचा काटाही दुरुस्त केला नाही. तो कायम अर्ध्यावर असे. "मांगं चाळीस लिटर घेऊन फिरून राहिलो, काट्याचं कायले टेंशन?" हे तर्काला धरून होतं असं मला वाटलं होतं. मग एका पहाटे, माझी संत्री भरलेली असताना, लोधीखेड्याच्या अलीकडे गाडी आचके देत थांबली. डिझेल संपलं होतं. मी म्हटलं, "चला, काढा कॅन."

देवरावभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवघरातल्या समईतलं तेल भाजीत घालायला मागितलं.

"ते अडीनडीसाठी हाय."

"मग हे काय आहे?"

"हे तं नुसतं डिझेल संपलं."

आणि ते खरोखरच प्लास्टिकची बाटली घेऊन, एका मोटरसायकलवाल्याला हात दाखवून, पंपाकडे गेले. चाळीस लिटर डिझेलला पाठ टेकून मी तासभर रस्त्याच्या कडेला बसलो. नागपूरला पोचलो तेव्हा बाजारातला हर्रास संपला होता, बोली लावायला कुणी उरलं नव्हतं. परत येताना मी खिडकीतून पंप मोजत होतो. ते मात्र अधूनमधून समजूत घालत होते, "खरी वेळ येऊ द्या मास्तर. तवा हेच लोक म्हनतीन, देवराव होता म्हनून."

हे वाक्य ते सगळ्यांना ऐकवत. चहाच्या टपरीवर त्यांची थट्टा होई. "काय भाऊ, आली का वेळ?" ते शांतपणे म्हणत, "येऊन राहिली." पुढे मला कळून चुकलं की या माणसाला आयुष्यात एवढं एकच हवं आहे. एकदा तरी गाव अडावं आणि त्यांच्यावाचून सुटू नये.

आणि वेळ आली. सहाव्या हिवाळ्यात डिझेलच्या टँकरवाल्यांनी संप केला. दोन दिवसांत पंप कोरडे पडले आणि त्यांच्यापुढे दोऱ्या बांधल्या गेल्या. माझ्या बागेतून तोडून आणलेली साठ कॅरेट संत्री घरासमोर पडून होती. आणखी दोन दिवसांनी ती मऊ पडली असती. निरोप न धाडताच देवरावभाऊ हजर झाले. पांढरा शर्ट, कपाळाला टिळा. आम्ही कॅरेटं चढवली, वरूनच. मागोमाग टपरीवरची मंडळी आली होती. थट्टा करणारे सगळे. कुलपं तेल घालून उघडावी लागली. देवरावभाऊंनी पहिल्या कॅनचं झाकण फिरवलं आणि कुणाकडेही न पाहता डिझेल टाकीत ओतलं. मग दुसरा. रंग चहासारखा होता आणि वास आंबूस. मी म्हटलं, "भाऊ, हे बरं दिसत नाही." ते म्हणाले, "मुरलं हाय."

पिकअप सुरू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवरावभाऊंनी खिडकीतून हात बाहेर काढून मेंबरसारखा हलवला. शेवटच्या घरापर्यंत गाडी गेली, काळा धूर सोडला आणि थांबली. ती पुन्हा सुरू झाली नाही. सहा वर्षं उन्हात आणि पावसात उभ्या असलेल्या त्या डिझेलमध्ये पाणी सुटलं होतं, गंज उतरला होता, तळाला शेवाळासारखं काळं काही साचलं होतं.

गाडी ढकलत परत आणायला सगळं गाव लागलं. ढकलणाऱ्यांनी वाटेत माझी संत्री खाल्ली. मीच खा म्हटलं. कुणीतरी ओरडलं, "देवराव होता म्हनून संत्रा भेटला!" सगळे हसले. देवरावभाऊ स्टिअरिंग धरून समोर पाहत होते.

आठवड्याने ते माझ्या घरी आले. माफी मागायला नाही. ती त्यांची पद्धत नव्हती. चहा होईपर्यंत खोलीत फिरत राहिले आणि माझ्या पुस्तकांच्या काचेच्या कपाटापाशी थांबले. सवयीने पेराने टकटक केली.

"भरून हाय."

"हो. चांगली चांगली घेऊन ठेवलीत."

"वाचले?"

"रिटायर झाल्यावर. निवांत."

"कवाचे हाय?"

मी सांगितलं. त्यांनी कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"झाकन उघडून पाहा एकडाव, मास्तर."

त्या माणसाने मला हे सांगावं, याची चीड रात्री जेवतानाही गेली नाही. कपाटाची किल्ली सापडायला दोन दिवस लागले. खालच्या दोन कप्प्यांतल्या पुस्तकांना वाळवी लागली होती. मुखपृष्ठं जशीच्या तशी, आत माती.

हे मी देवरावभाऊंना सांगितलं नाही. त्यांना किती आनंद झाला असता ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. टपरीवर कसं ऐकवलं असतं, तेही. एवढा विजय त्यांना सहज द्यायची माझी तयारी नव्हती. कधीतरी सांगू, चांगला प्रसंग पाहून, म्हणून ठेवून दिलं.

गेल्या आषाढात ते गेले. झोपेतच, कुणाला काही करायला वेळ न देता. पिकअप पांढुर्ण्याच्या एका माणसाने घेतली आणि पहिल्याच दिवशी स्टँड कापून काढला. फाळका धाडकन खाली पडला.