शिसव म्हण

इलेक्ट्रिक गिटार वरून रंगवलेली असते. आत कोणतं लाकूड आहे ते विकणाराही छातीठोक सांगत नाही. चेरीतालच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, मी गिटारी दुरुस्त करायचे. जुन्या नमुन्यांवरून कंपन्या नव्याने काढतात तशा गिटारी जबलपुरात यायला लागल्या आणि प्रत्येक गिऱ्हाईक एकच प्रश्न घेऊन येऊ लागलं, "दीदी, लकडी वही है ना, जो लिखी है?"

मला तारा, वायरी आणि सोल्डरिंग कळायचं. लाकूड बाबांना कळायचं. त्यांची सगळी नोकरी सरकारी लाकूड डेपोत गेली. ओंडक्यावर शिक्का पडण्याआधी ते झाडाची जात सांगायचे आणि त्यावर कुणी हुज्जत घालत नसे. निवृत्तीनंतर ते घरभर फिरून प्रत्येक गोष्टीला नावं ठेवत होते, तेव्हा वैतागून मीच त्यांना माझ्या टेबलासमोर खुर्ची टाकून दिली. माझ्या आयुष्यात मी केलेलं ते एक शहाणपणाचं काम.

गिटारची मान चार स्क्रूंनी बसवलेली असते. ती काढली की खाचेत बिनरंगाचं लाकूड दिसतं. बाबा तिथे थुंकी लावलेलं बोट फिरवायचे, गिऱ्हाइकासमोर, कितीही सांगितलं तरी. मग भिंगातून छिद्रं पाहायचे, रेगमालचा खरखरीत कागद दोनदा घासायचे आणि शेवटी नाक लावायचे. नाकाने दिलेला निकाल अखेरचा. परदेशी महोगनी पहिल्यांदा हातात आली तेव्हा म्हणाले, "हे आपल्या जंगलातलं नाही. पण आपल्या तुणीच्या झाडाच्या गोत्रातलं आहे. यांचं आपसात लग्न जमायचं नाही." गिटार घेऊन आलेले गृहस्थ मराठी नव्हते, त्यांना मी भाषांतर करून सांगितलं आणि तिघंही हसलो.

आमचं भांडण व्हायचं ते एका शब्दावरून. मानेवर जी काळसर पट्टी असते, जिच्यावर बोटं दाबतात, ती रोझवूडची आहे असं कागदावर लिहिलेलं असायचं आणि मी गिऱ्हाइकाला शीशम म्हणून सांगायचे. बाबा उसळायचे. "शीशम काहून म्हणून राहिली? शीशम वेगळं, शिसव वेगळं. शिसव म्हण!" राज्यं भाषेप्रमाणे वाटली गेली तेव्हा नागपूर तिकडे गेलं आणि आजोबा नोकरीपायी इकडेच राहिले. घरातले शब्द मग एकेक करून हिंदीत गेले. माझ्या तोंडात दोन झाडांना मिळून एकच नाव उरलं होतं. "चलो बाबा, गिऱ्हाइकाला काय फरक पडतो," असं म्हणून मी विषय मिटवायचे.

साथीच्या वर्षी आम्ही दोघंही आजारी पडलो. आजारात वास येईनासा झाला होता, तो मला महिन्याभरात परत यायला लागला. बाबांना विचारलं तर म्हणाले, "येऊन राहिला ना. काहून नाही येणार?" मी ते खरं मानलं, कारण मला ते खरं हवं होतं. दूध करपून पातेलं काळं झालं तरी ते शेजारीच पेपर वाचत बसले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग शहपुऱ्याहून एक शिक्षक आले. आयुष्यभर मनात धरलेली गिटार त्यांनी निवृत्तीच्या वर्षी मागवली होती, आणि परत करायची तर त्याच दिवशी कळवायला हवं होतं. बाबांनी पट्टीची कड घासली, डोळे मिटले, नाक लावलं आणि म्हणाले, "शिसव. बिनधास्त ठेवा." मी सहज वास घेतला. शिसवाचा नव्हताच तो, नुसता रसायनाचा होता. ओला फडका फिरवला तर फडका काळा झाला आणि खाली कुठलंसं फिकट लाकूड निघालं.

मला गप्प बसता आलं असतं. संध्याकाळी फोन करते, एवढं म्हणता आलं असतं. पण माझं डोकं फिरलं. "बाबा, नुसता रंग दिलाय हो! तुम्हाला वास येतच नाही ना आता?" मी मराठीत बोलले, पण ते त्या शिक्षकांनाही कळलं. "कोई बात नहीं, चाचाजी," ते अगदी हळू म्हणाले. बाबांनी भिंग पुसलं, डबीत ठेवलं आणि आत गेले. ती डबी त्यांनी पुन्हा बाहेर आणली नाही.

काही दिवसांनी दुपारी मी आतल्या खोलीत गेले. ते खाटेवर बसले होते, समोर डेपोच्या दिवसांपासूनची पत्र्याची पेटी उघडी. पेटीत लाकडाचे तुकडे, प्रत्येकाच्या मागे त्यांच्या अक्षरात नाव. डोळे मिटून एकेक तुकडा घासत, नाकाशी धरत, मग डोळे उघडून मागचं नाव वाचत. चेहऱ्यावर काही नाही. मी दारातच रडायला लागले. "बाबा, चुकले मी."

"ये. बस," ते म्हणाले. त्यांनी एक तुकडा चांगला घासून माझ्या हातात दिला आणि मागच्या नावावर तळवा ठेवला. "माझं तर गेलं. तू सांग मला. कसा येऊन राहिला?"

वास नाकात भरला. "गोड," मी म्हणाले.

"गोड तर तुणीचा बी असते. कसा गोड?"

मी पुन्हा वास घेतला. नाक माझ्यापाशी होतं, पण त्या वासाला मराठीत काय म्हणावं ते मला येईना, हिंदीतही येईना. इतकी वर्षं त्यांच्यासमोर बसून मी एकही शब्द उचलला नव्हता. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, तहान लागल्यासारखे.

"छान येतो, बाबा."

"कशाचा?"

"शीशमचा," मी म्हणाले.

त्यांनी तळवा उचलला. मागे 'शिसव' लिहिलेलं होतं. मी ओरडा खायला तयार होऊन बसले, मला तो हवा होता.

"अच्छा," बाबा म्हणाले आणि त्यांनी पेटी लावली.