मालकाच्या डोळ्यादेखत

बँक बंद करून निघताना निवृत्तीआबा उंबऱ्यावर थांबत, धोतराचा सोगा झटकत, सदऱ्याचे खिसे उलटे करत आणि मगच पायरी उतरत. पहिले काही दिवस मला वाटले, धूळ झटकत असतील. एकदा विचारलेच, तेव्हा म्हणाले, "सवय हाय. गलाईच्या दुकानात भुईवर सोन्याचा कण पडतो. कापडाला चिकटून घरला गेला तर चोरीच की ती." इथे सोने नाही, नोटा आणि नाणी आहेत, आणि ती धोतराला चिकटत नाहीत, असे मी सांगून पाहिले. "त्ये मला बी कळतंय," असे म्हणून त्यांनी खिसे आत ढकलले आणि चालू लागले.

आबा विट्याचे. तिकडची बरीच माणसे दूरदूरच्या शहरांत सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याची दुकाने चालवतात. त्यांना गलाई म्हणतात. आबा मिसरूड फुटायच्या आत मदुरेला गेले आणि केस पिकायला लागल्यावर, दुकान धाकट्या भावावर सोपवून, गावी परतले. भट्टीपुढे बसून बसून त्यांच्या भुवया जवळजवळ गेल्याच होत्या. बोटांची टोके तेजाबाने पिवळी पडलेली. भुवया नसल्यामुळे चेहरा सदा थोडा चकित दिसे. प्रत्यक्षात ते कशानेही चकित होत नसत.

दुसऱ्या महायुद्धाची पहिली वर्षे होती. परमुलखातल्या गलाई लोकांच्या मनीऑर्डरी गावी येत आणि घरच्या बायका ते पैसे चुलीमागे पुरून ठेवत. गावाला स्वतःची बँक हवी, असे आबांच्या मनाने घेतले. चार परतलेले गलाई जमवून त्यांनी कंपनी नोंदवली. धंद्यातला फायदा-तोटा बाकीचे चौघे बोलत. आबा एवढेच म्हणत, "भाईर लय कमावलं. आता गावानं इश्वासानं ठेव आणून दिली की झालं माझं." ही एकच भूक त्यांना होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही.

मी मूळचा वाईचा, सांगलीत एका बँकेत रोखपाल होतो. एके दिवशी हे गृहस्थ आमच्या खांबाला टेकून सकाळपासून उभे होते. ना पैसे भरले, ना काढले. बँक बंद होताना माझ्याजवळ आले. "तुमी नोटा मोजताना गिऱ्हाइकाकडं तोंड करता. बाकीची पाठ करत्यात. आमच्या धंद्यात जे करायचं ते मालकाच्या डोळ्यादेखत. चला विट्याला, म्यानेजर करतो." माझा पगार मला माहीत होता आणि वरिष्ठांचा स्वभावही. मी महिनाअखेर विट्याला हजर झालो.

बँक म्हणजे तंबाखूच्या वखारीतली पुढची खोली. नोटांनाही तंबाखूचा वास येई. सांगलीहून बैलगाडीतून लोखंडी तिजोरी आली तेव्हा बायकांनी तिला हळदकुंकू वाहिले, एकीने ओटीसुद्धा भरली. मला हसू आले. आबांना आले नाही.

ठेवी येऊ लागल्या आणि त्याबरोबर एक प्रश्नही येऊ लागला. "ह्येच रुपयं माघारी मिळत्याल न्हवं?" मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणत, "व्हय. गाठ तुमची तुमीच मारा." झाले! लोक आपापले रुपये फडक्यात बांधून, आपापली गाठ मारून देऊ लागले. कुणाची सुताची, कुणाची काथ्याची, पूर्वेच्या कोरड्या मुलखातल्या धनगरांची लोकरीच्या दोऱ्याची. तिजोरीत पुरचुंड्या रचलेल्या. बाजाराच्या दिवशी मंडळी आपल्या पुरचुंडीला भेटायला येत. मी ती काढून द्यायची, त्यांनी चाचपायची, गाठ बघायची आणि परत द्यायची. आटपाडीकडची तान्हाबाई तर पुरचुंडी कानाशी हलवून ऐके, कपाळाला लावी आणि मला म्हणे, "ठेव बाबा. नीट ठेव." तिचे मुलगे मेंढरे घेऊन महिनोन्महिने कोकणपट्टीत असत. लोकरीचे आणि मेंढरांचे आलेले सगळे तिने चांदीच्या राणीछाप रुपयांत करून ठेवले होते.

मी आबांना समजावले. बँक ठेव घेते आणि ती कर्जाऊ देते, त्या व्याजावर चालते. आपण चालवतो ती बँक नव्हे, सामान ठेवायची खोली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "म्यानेजर, एका मुशीत दोघांचं सोनं घालायचं न्हाई, ह्ये मला पयल्या दिवशी शिकवलं. घातलं की कुणाचं कुटलं, देवाला बी सांगता यायचं न्हाई."

"पण तुम्ही परत देताना तितकंच देणार ना?"

"तितकंच दिलं म्हंजे त्येचं दिलं, आसं हुतं व्हय?"

माझे म्हणणे बरोबर होते, आजही मी तेच म्हणेन. पण त्यांच्या प्रश्नात काहीतरी होते, हेही खरे.

माझा पगार आणि वखारीचे भाडे आबांच्या खिशातून जात होते. अखेर इतर संचालकांनी निर्वाणीचे सांगितले. दिवाळीपर्यंत कर्जव्यवहार सुरू झाला नाही, तर कंपनी गुंडाळायची. आबा दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "ज्येचं त्येला इचारू."

मग दर बाजाराच्या दिवशी एकेकाला आत बोलावणे सुरू झाले. पुरचुंडी समोर ठेवून आबा सांगत, "तुमचं रुपयं भाईर कामाला जात्याल. येत्याल ते दुसरं आसत्याल, पर तितकंच आसत्याल. वर याज. कवा रुपयं मिळत्याल, कवा नोटा. गाठ सोडू का?" मालकाने मान डोलावली की तिथेच, त्याच्या डोळ्यादेखत, गाठ सोडायची. घाई करायची नाही, समजावताना आवाज चढवायचा नाही. मी सांगलीत ज्या कामाला पाच मिनिटे दिली नसती, त्याला त्यांनी पावसाळा घालवला. जवळजवळ सगळे हो म्हणाले. व्याज ही गोष्ट लोकांना फार लवकर समजते.

तान्हाबाई नाही म्हणाली. "मेंढरं कोकणात जात्यात, पोरं जात्यात. रुपयं तरी एका जागी बसू द्या." आबांनी एका शब्दाने आग्रह केला नाही. तिची पुरचुंडी होती तशी आत गेली.

त्यानंतर बँक वाढली, आणि भराभर वाढली. हळदीच्या व्यापाऱ्यांना कर्जे दिली, ती वेळेवर फिटली. पंजाब-बंगालातले गलाई थेट आमच्याकडे पैसे पाठवू लागले. तासगावला शाखा निघाली, मग सांगलीला. मी ज्या बँकेत रोखपाल होतो तिच्या समोरच्याच आळीत आमची पाटी लागली तेव्हा मला झालेला आनंद काही फारसा उदात्त नव्हता. आबांना शाखांचे विशेष कौतुक नव्हते. संध्याकाळी विचारत, "आज कोण नवीन आलं?" किती रक्कम आली, हे विचारत नसत.

मग राणीछाप रुपया बाजारातून दिसेनासा झाला. ज्याच्या हाती पडे तो दाबून ठेवी, कारण नव्या नाण्यात चांदी कमी. सगळीकडे नोटाच नोटा. अशात एकजण मुलीच्या लग्नासाठी पैसे काढायला आला. आम्ही नोटा दिल्या. त्याने त्या उलटसुलट पाहिल्या. "माझं राणीछाप कुटं गेलं?" कर्जात गेले, व्यापाऱ्याकडे गेले, मी सांगितले. तो नोटा घेऊन गेला.

आबांच्या परसात लहानशी भट्टी होती. ओळखीच्यांचे मोडके दागिने ते तिथे फुकट गाळून देत. गलाई माणूस, परसात धूर, आणि चांदीचे रुपये गायब. दुसरीकडे कुठे हे घडले असते, तर लोकांनी सरकारला शिव्या दिल्या असत्या. विट्यात प्रत्येक घरात भट्टीची माहिती. लोकांनी हिशेब तिथल्या तिथे जुळवला. आबाने रुपये वितळवले!

पुढच्या बाजाराच्या दिवशी वखारीसमोर माणूस मावेना. मी दार लावून घेऊ लागलो तर आबांनी ते सताड उघडले आणि स्वतः उंबऱ्यावर उभे राहिले.

"आबा, आमचं रुपयं काढ. कागूद नगं."

"तुमचं त्येच रुपयं न्हाईत. कर्जात गेलं. ज्येला पायजेत त्येला नोटा आत्ता मिळत्याल."

"भट्टीत गेलं म्हण की!" मागून कुणीतरी ओरडले.

मी आबांच्या बाजूला उभा होतो. त्यांच्या चेहऱ्यावर कधी काही दिसत नसे. त्या दिवशी दिसले. एवढा दणकट माणूस, आणि हाताने चौकट धरून उभा. मला त्या गर्दीचा संताप आला. त्यातल्या निम्म्या माणसांना मी नावाने ओळखत होतो.

गर्दीतून वाट काढत तान्हाबाई आली. काय चालले आहे ते तिने कुणाला विचारले नाही, मलाच म्हणाली, "माजी आन." मी आतून पुरचुंडी आणली. तिने लोकरीची गाठ बोटांनी चाचपली आणि सगळ्यांपुढे धरली.

"बघा. म्या न्हाई म्हणलं हुतं, तर हात लावला न्हाई. तुमी समदी व्हय म्हणला हुता. आता कशाला बोंब मारता?"

तिने पुरचुंडी माझ्या हातात परत दिली. "ठेव बाबा." आणि बाजारात निघून गेली.

काहींनी नोटा घेतल्या. बरेचजण नुसतेच पांगले. दोन-तीन बाजारांत, काढून नेलेले पैसेही परत आले. संचालकांनी आबांना हार घालायचे ठरवले. त्या सभेला आबा आले नाहीत. काही दिवसांनी राजीनामा माझ्या हातात देऊन त्यांनी परसातली भट्टी स्वतः मोडली आणि मदुरेला जायची तयारी केली.

सर्व्हिस मोटारीवर त्यांना पोहोचवायला मी एकटाच गेलो. म्हणालो, "आबा, बँक वाचली. लोक परत आले. आता कशाला जाता?"

त्यांनी ट्रंक टपावर चढवली, हात पुसले. "मदुरेत माझी भाषा बी कुणाला धड कळत न्हाई. सराफ येतो, सोनं म्होरं ठेवतो आन् च्याला जातो. हितं समद्यांस्नी माझा बाप ठावा, आजा ठावा." पुढे म्हणाले, "लय वाईट वाटलं बघा, म्यानेजर." मग गाडीत चढून खिडकीपाशी बसले. गाडी सुटली.

पुढे बँकेच्या आणखी शाखा निघाल्या. प्रत्येक उद्घाटनाचे निमंत्रण मी मदुरेला पाठवी. उत्तरादाखल त्या शाखेच्या नावे आबांची मनीऑर्डर येई, ठेव म्हणून. बहुतेक ठिकाणी पहिली ठेव तीच असे. स्वतः ते कधीच आले नाहीत.