निम्मं रान सवतीचं

कोडोलीत आमच्या गल्लीच्या टोकाला बयाबाईचा गोठा आहे. त्यात दोन म्हशी, एक दुभती आणि एक आटलेली. दोघींना पेंड मात्र सारखीच. आटलेलीला एवढी कशाला, असं कुणी म्हटलं की बयाबाई विचारते, "तिला भूक न्हाय व्हय?" या स्वभावानंच गेल्या वर्षी आम्हा तीस जणींच्या तोंडचं पाणी पळवलं.

झालं असं. परदेशातल्या एका संस्थेच्या मदतीतून आमच्याकडे भुईमूग वाढवायचा प्रकल्प आला. पहिल्या वर्षी एकाच रानात करून बघायचं. तिथं फरक दिसला, तर पुढच्या वर्षी आमच्या बचत गटातल्या तीसही जणींना बियाणं, खत आणि शिकवणं मिळणार. बयाबाईचं वीस गुंठे रान रस्त्याकडेचं, म्हणून तेच निवडलं. नवरा बाळासो कट्ट्यावर बसून सल्ले देणाऱ्यांतला, त्यामुळे चाळीस वर्षं ते रान हिनंच सांभाळलेलं.

प्रकल्पाची पूर्णिमा मॅडम दर शुक्रवारी कोल्हापुरातून स्कूटीवर यायची. वयानं आमच्या लेकींएवढी, पण शिस्तीला कडक. तिनं रानाचे दोन भाग केले. दहा गुंठ्यांत नवी पद्धत, म्हणजे उंच गादीवाफे, बियाण्याला औषध आणि फुलांतून निघालेल्या आऱ्या मातीत शिरायला लागल्या की शेंगा भरायला जिप्सम. उरलेल्या दहा गुंठ्यांत नेहमीसारखं, जास्तीचं काही घालायचं नाही. दोन्हीकडे पाट्या लागल्या.

श्रावणात नवा भाग काळाभोर हिरवा दिसायला लागला आणि जुना पिवळसर पडला. शेजारचं रान बयाबाईच्या धाकट्या दिराचं, जोतीरामचं. त्याला असलं शिकवणं म्हणजे थोतांड वाटायचं. बांधावरून तो ओरडला, "वैनी, निम्मं रान सवतीचं हाय व्हय?"

आम्ही पोट धरून हसलो. बयाबाई हसली नाही, आणि तेव्हाच आम्ही ओळखायला हवं होतं.

काढणीच्या दिवशी आम्ही सगळ्या जणी जमलो. मॅडमनं प्रत्येक भागात पाच मीटरचा चौकोन दोरीनं आखला. आम्ही वेल उपटले, शेंगा तोडल्या, काटा लावला. नवी पद्धत साडेनऊ किलो. जुनी पद्धत नऊ किलो दोनशे ग्रॅम.

मॅडमनं परत वजन केलं. तेवढंच.

"एवढ्याशा फरकासाठी पुढच्या वर्षी कोण मदत देणार?" ती म्हणाली. कुठल्या वावरात गादीवाफे काढायचे, हे मी मनात ठरवूनसुद्धा ठेवलं होतं.

बयाबाई गप्प बसली असती तर खापर जिप्समवर फुटलं असतं. ती खुरपं खाली ठेवून उभी राहिली.

"मॅडम, ह्या निम्म्याला बी जिप्सम घातलंय. बाजारातनं मीच पोतं आणलं. तण काढायला भांगलण बी दोनदा जास्तीची केलीया. तुमी दर शुक्रवारी इचारलं आन् मी खोटं सांगितलं."

"काकू, सगळा हंगाम वाया घालवलात!" मॅडमचे डोळे भरून आले.

"पिवळं पडलेलं बघवंना वं. एकाच्या ताटात वाढायचं आन् दुसऱ्याच्या न्हाय, ह्ये मला कुठनं जमणार?"

एवढ्या तोंडाळ बाईनं मान खाली घातलेली मी पहिल्यांदा पाहिली. मला तिचा भयंकर राग आला. तिच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं, हेही त्याच क्षणी कळलं, आणि त्याचा जास्त राग आला.

मग बयाबाईनं मान वर केली. बांधावर जोतीराम तमाशा बघत उभा होता.

"भावजी, तुमच्या रानात दोरी टाकू द्या. बी माझ्याच घरातलं, पेरणी एकाच दिशी, माती बी तीच. आन् जास्तीचं तुमी काय बी केलं न्हाय, ह्ये अख्ख्या गावाला ठावं हाय."

"माझी अब्रू काढताय व्हय, वैनी?"

आमच्या गटात जोतीरामची बायको शालूबाईही होती. ती नवऱ्याकडे बघत राहिली. जोतीरामनं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा टोपी घातली.

"मोजा."

त्याच्या चौकोनात सहा किलोही भरले नाहीत. शेवटच्या मूठभर शेंगा त्यानं स्वतःच काट्यावर टाकल्या.

मॅडमनं जे घडलं ते सगळं लिहिलं, बयाबाईचं खोटंसुद्धा. दोन महिने आमचा जीव टांगणीला लागला. मग मदत मंजूर झाल्याचं कळलं आणि बयाबाईनं गल्लीत शेंगा वाटल्या, घरटी बरोबर एकेक पायली.

यंदा मे महिन्यात बैठक झाली. सगळी नावं लिहून झाल्यावर मॅडमनं विचारलं, "तुलनेसाठी निम्मं रान जुन्या पद्धतीनं कोण ठेवणार?"

एकही हात वर गेला नाही. मॅडमची नजर फिरत फिरत शालूबाईबरोबर येऊन मागं बसलेल्या जोतीरामवर थांबली.

"माज्याकडं बघू नगा," तो म्हणाला. "मला बी न्हाय जमायचं."

हसण्यानं डोक्यावरचा पत्रा हादरला. मॅडमही हसली आणि तिनं वही मिटायला घेतली. बयाबाईनं तिचा हात धरला.

"मिटू नगासा, बाई. कुणीच तयार झालं न्हाय, ह्यो बी फरकच न्हवं? आदी त्यो लिवा की."