फाटकावरची ओळख

मॅट्रिक झाल्यावर मामांची चिठ्ठी घेऊन कडावहून खोपोलीच्या कारखान्यात गेलो. चिठ्ठी ज्या साहेबांच्या नावाने होती, ते बदलून गेले होते. घरी काय सांगायचं, हे सुचेना. दोन दिवस फाटकापाशीच घुटमळलो. म्हातारा पहारेकरी येणाऱ्याजाणाऱ्यासाठी टोपी सारखी करत होता आणि मधूनच माझ्याकडे बघत होता.

तिसऱ्या दिवशी त्याने माझं मनगट धरलं आणि मला थेट फोरमनसमोर नेलं.

"माज्या भावाचा पोरगा हाय, साहेब."

बाहेर आल्यावर त्याने माझं नाव विचारलं. मग म्हणाला, "नीट काम कर रं. माजा शब्द एकदाच चालतो."

नोकरी लागली. पण कित्येक महिने फोरमनचा आवाज चढला, की मला माझ्याआधी त्या म्हाताऱ्याच्या नोकरीची धास्ती वाटायची.