मास्तरची सही नसलेला कागद

शिवणकारखान्यात सगळे तिला मास्तर म्हणत. ऐंशी थर कापड एकावर एक पसरायचं, वर खडूने माप आखायचं आणि कटिंगची मशीन अशी फिरवायची की तळच्या थराची बाहीसुद्धा वरच्याइतकीच यावी. एकोणीस वर्षं तिचा हात चुकला नव्हता. घरी नवराही कौतुकाने म्हणायचा, "मास्तर, आज भाकरी गोल आहे, माप घेतलंत वाटतं!"

धाकटा भाऊ गेला आणि तिचं मनच खचलं. डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी बरं वाटू लागलं, पण सकाळी नवापर्यंत डोकं जड राहायचं. कारखाना सातला सुरू व्हायचा. डॉक्टर म्हणाले, "साडेनऊला येऊ द्या म्हणून अर्ज करा. आजारी माणसाला अशी सवलत मागायचा हक्क आहे. भीक नाही ती."

अर्ज तिने बारकीकडे दिला. बारकी आता सुपरवायझर होती, पण खडू धरायला तिला मास्तरनेच शिकवलं होतं. दोघींचा डबा बारा वर्षं एकत्र.

"मॅनेजरकडे तू जाऊ नकोस, ताई," बारकी म्हणाली. "मी नीट समजावून सांगते. तू काळजी सोड."

आठ दिवसांनी मॅनेजरने बोलावलं. टेबलावर तिचा अर्ज होता आणि त्याखाली दुसरा कागद. त्याने तो वाचून दाखवला. हिचे हात थरथरतात. मशीन हिच्या हाती देणं धोक्याचं आहे. 'झोपावं आणि उठूच नये असं वाटतं', असं हिने स्वतः बोलून दाखवलं आहे.

ते वाक्य तिने आयुष्यात एकदाच उच्चारलं होतं. डबा खाताना, बारकीजवळ. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

कागदाखाली बारकीची सही होती.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर बटणं मोजून पाकिटात भरायला बसली. कागदातलं कारखानाभर झालं होतं; ती जवळून गेली की बाया कात्र्या उचलून घेत. एकीने तर हसत हसत विचारलं, "मास्तर, आज बरंय ना डोकं?" तिने मान हलवली आणि पुन्हा बटणं मोजायला घेतली. आकडा चुकला होता.

नवऱ्याला तिने सगळं सांगितलं, ते वाक्यसुद्धा. मग डॉक्टरांचं पत्र घेऊन तोच तिला कामगार कार्यालयात घेऊन गेला. चौकशीत अधिकाऱ्यांनी मॅनेजरला एकच प्रश्न विचारला, "एकोणीस वर्षांत यांच्या हातून एक तरी अपघात झालाय?" मॅनेजरला 'नाही' म्हणावं लागलं. डॉक्टरांनीही लिहून दिलं, हाताला कंप नाही. पाच महिन्यांनी निकाल लागला: वेळ साडेनऊची, काम पूर्वीचंच, आणि तो कागद फाइलमधून काढून टाकायचा.

त्या दिवशी बारकीने तिला जिन्यात गाठलं.

"ताई, मला तुझीच काळजी वाटत होती गं. उद्या काही झालं असतं तर माझ्या अंगावर आलं असतं."

"म्हणजे काळजी कुणाची होती?"

बारकी रडायला लागली. मास्तरला तिचे डोळे पुसावेसे वाटले, याचाच तिला जास्त राग आला.

"बाजूला व्हा मॅडम," ती म्हणाली. "मला कामाला जायचंय."

मास्तर पुन्हा मशीनवर उभी राहिली. बाही तळापर्यंत बरोबर येते, कात्र्याही आता कुणी उचलत नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं, "मनात काय चाललंय?" पूर्वी ती भडाभडा बोलायची. आता तिने आधी त्यांच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं.

"मी जे बोलेन," तिने विचारलं, "ते तुम्ही कुठं लिहिता? आणि कोण कोण वाचतं?"