दोन बोटांचा निकाल

लिंबायतमध्ये आमच्या वरच्या मजल्यावरचे काका गच्चीवर कोंबड्या पाळतात. कोंबडी उलटी धरून ते शेपटीखालच्या हाडांत दोन बोटं घालून बघतात. बोटं मावली तर ती अंड्यावर आहे, नाही तर बाद. निकाल न्यायाधीशाच्या थाटात देतात आणि त्यावर अपील नसतं. अंडी नुसती बारीक झाली, तरी कोंबडीला फार मुदत मिळत नाही.

"खाते, पन देत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चार वर्षांत मूल न झालेल्या सुनेबद्दलही ते हेच म्हणतात, तिच्यासमोर.

गेल्या महिन्यात पिसं झडलेली तांबडी कोंबडी त्यांनी कापली. पिसं झडताना अंडी थांबतात, हे मी सांगून पाहिलं होतं. साफ करताना सुनेला पोटात बलकांची माळ सापडली, मोहरीएवढ्यापासून बोराएवढ्यापर्यंत. ती थाळीत ठेवून तिनं माझ्यादेखत सासऱ्यांपुढे आणली.

"मामा, आठ दिन थांबाले जोयजे व्हतं."

काकांनी थाळी हातात घेतली. मला वाटलं, आता चूक कबूल करतील.

"मीठ कमी टाकजो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुलगा लूमच्या पाळीवर गेल्यावर, सुनेला तिच्या माहेरी जाणाऱ्या धुळ्याच्या बसमध्ये बसवायला ते स्वतः गेले. पिशवीही त्यांनीच उचलली होती.